हुशार पण अतिचंचल मुले : त्यांना समजून कसे घ्यावे?

आपल्या मुलाने शिकावे, मोठे व्हावे, चार लोकांत नाव काढावे असे ज्याला वाटत नाही, असा पालक आपल्या वस्तीत शोधूनही सापडणार नाही. त्यासाठी पोटाला चिमटा घेऊन फी भरली जाते, क्लास लावला जातो, घरातला टीव्ही बंद ठेवला जातो. मूल हुशार आणि अभ्यासू असेल तर या कष्टांचे चीज होते. मूल अभ्यासात मागे असेल तर निदान ते मागे आहे हे सर्वांना दिसते आणि मदतीचा विचार तरी होतो. परंतु या दोहोंत न बसणारे एक तिसरे मूल असते. ते विलक्षण हुशार असते आणि तरीही त्याची वही अपुरी असते. मोठ्यांना निरुत्तर करील असा प्रश्न ते विचारते, पण दप्तरात कंपास टाकायला रोज विसरते. 'डोके आहे पण मन लावत नाही', 'आळशी आहे', 'उनाड आहे' असे शेरे त्याच्या प्रगतिपुस्तकावर पहिलीपासून दहावीपर्यंत लिहिले जातात. या तिसऱ्या मुलाविषयी प्रस्तुत लेखात थोडा विचार करावयाचा आहे.

मी बँकेत काउंटरवर बसणारा माणूस आहे, डॉक्टर नव्हे. परंतु नात्यातील एका मुलीच्या निमित्ताने या विषयाची जी माहिती करून घ्यावी लागली, ती समाजातील इतर पालकांच्या व विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावी, एवढाच हेतू आहे.

एडीएचडी म्हणजे काय?

या अवस्थेला 'अटेन्शन डेफिसिट हायपरॅक्टिव्हिटी डिसऑर्डर', थोडक्यात एडीएचडी असे म्हणतात. मराठीत आपण तिला अवधानाची उणीव व अतिचंचलता असे म्हणू शकतो. हे नवे फॅड नाही. १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. त्यांची बुद्धी शाबूत होती, पण स्वतःला आवर घालणे त्यांना जमत नव्हते. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेत या अवस्थेला अवधानाशी जोडलेले नाव दिले व १९८७ मध्ये आजचे नाव आले. जगभरातील अभ्यास एकत्र करून पाहिले असता शाळकरी वयातील सुमारे ५ टक्के मुलांत ती आढळते. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात दोन-तीन मुले अशी असू शकतात.

२०१३ च्या निदान-पुस्तिकेत एकूण १८ लक्षणे दिलेली आहेत. त्यांपैकी नऊ लक्ष न लागण्याची आहेत: बारीकसारीक चुका होणे, सांगितलेले अर्धवट राहणे, वस्तू हरवणे, विसरणे इत्यादी. उरलेली नऊ अतिचंचलतेची व उतावीळपणाची आहेत: जागेवर न बसणे, प्रश्न संपण्याआधी उत्तर देणे, आपल्या पाळीची वाट पाहता न येणे इत्यादी. लहान मुलांत यांपैकी एका गटातील किमान सहा लक्षणे असावी लागतात. ती सहा महिने तरी टिकलेली असावीत, बारा वर्षांच्या आत काही लक्षणे दिसलेली असावीत आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी त्यांचा त्रास होत असावा. एखाद्या सरांच्या तासालाच मूल दंगा करीत असेल तर ते एडीएचडी नव्हे.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. प्रत्येक मूल धावणारे, उड्या मारणारे असेलच असे नाही. काही मुले शांत बसून खिडकीबाहेर पाहत असतात. मुलींमध्ये हा प्रकार पुष्कळदा दिसतो. त्या कोणाला त्रास देत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

नेमके अडते कोठे?

आपल्या मेंदूत एक व्यवस्थापक असतो असे समजा. काय आधी करायचे, काय नंतर, किती वेळ लागेल, मोह कसा टाळायचा, हातातले काम अर्धे झाले तर त्याची आठवण कशी ठेवायची, हे सारे तो पाहतो. हे काम प्रामुख्याने मेंदूच्या पुढच्या भागाकडे असते. एडीएचडी असलेल्या मुलांत या भागाची वाढ उशिरा होते. २००७ साली अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने मेंदूची छायाचित्रे घेऊन एक अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या बाह्य थराची जाडी इतर मुलांत साधारण साडेसात वर्षांच्या सुमारास पूर्णत्वाला पोहोचते, तर या मुलांत ती साडेदहाच्या सुमारास पोहोचते, असे त्यात दिसले. पुढच्या भागात हा फरक जास्त होता. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाचा स्वतःवरचा ताबा सात वर्षांच्या मुलासारखा असू शकतो. मग त्याची बुद्धी चौदा वर्षांच्या मुलाची का असेना! एकाच देहात ही दोन वये नांदत असतात, हे न कळल्यामुळे मोठी माणसे गोंधळतात. 'इतके समजते, मग एवढे साधे जमत नाही?' हा त्यांचा प्रश्न असतो. समजणे आणि जमवून आणणे ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत, हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

'पण बुद्धिबळाचा पट मांडला की हाच मुलगा तीन तास हलत नाही, मग याचे लक्ष लागत नाही असे कसे म्हणावे?' असेही पालक विचारतात. शंका रास्त आहे. या मुलांपाशी लक्ष मुळीच नसते असे नाही. ते हवे तेथे वळवणे आणि हवे तेव्हा काढून घेणे त्यांना जमत नाही. काम आवडीचे, नवे किंवा आव्हानाचे असेल तर मन आपोआप गुंतते. कंटाळवाणे पण आवश्यक काम आले की इतरांना जी आतून चालना मिळते, ती त्यांना पुरेशी मिळत नाही. मेंदूतील डोपामिन व नॉरएपिनेफ्रिन या रसायनांच्या कार्याशी याचा संबंध आहे. म्हणून तीन तासांच्या बुद्धिबळावरून मूल ढोंग करते असा निष्कर्ष काढणे चुकीचे होय.

हुशारी आणि अडचण एकमेकींना झाकतात

बुद्धिमान मुलांच्या बाबतीत खरी गुंतागुंत येथे आहे. बुद्धी जास्त असेल तर एडीएचडी असूच शकत नाही, असे पूर्वी काही जाणकारांनाही वाटे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांनी २००७ साली १२० किंवा त्याहून अधिक बुद्ध्यंक असलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा मुलांतही ही अवस्था खरीखुरी असते आणि शाळेत व घरी त्यांना तिचा जाच होतो, असे त्यात दिसून आले.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर या मुलाच्या खात्यात शिल्लक भरपूर आहे, पण पैसे काढायला गेले की दर वेळी सही जुळत नाही आणि खिडकीवरून रिकाम्या हाताने परतावे लागते. ज्याने खात्यातली शिल्लक पाहिली, तो म्हणतो, 'याला मदत कशाला हवी?' ज्याने खिडकीवरची फजिती पाहिली, तो म्हणतो, 'याच्या खात्यात काही नाहीच.' दोघांचेही चुकते आणि मूल तसेच राहते.

असे मूल पहिली काही वर्षे नुसते ऐकून निभावून नेते. वर्गात एकदा कानावर पडले की त्याला पुरते. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक चाळले तरी सत्तर टक्के मिळतात. अडचण पुढे येते. विषय वाढतात, प्रकल्प व प्रयोगवह्या येतात, उत्तरे लांबलचक लिहावी लागतात. आठवी-नववीत किंवा अकरावीला हे ओझे एकदम वाढते. मराठी माध्यमातून अकरावी विज्ञानाला गेलेल्या मुलाला तर त्यात इंग्रजीचीही भर पडते. नियमित अभ्यासाची सवय कधी लागलेलीच नसते, कारण तिची गरज पडली नव्हती. मग गुण घसरतात. घरचे म्हणतात, 'संगत बिघडली.' मुलाला स्वतःला वाटते, 'आपण हुशार होतो हे खोटेच होते.' हे वाटणे सर्वांत घातक असते.

ज्या मुलीचा उल्लेख वर केला, तिचे असेच झाले. शिष्यवृत्ती परीक्षेत तिने चांगले यश मिळवले होते. नववीत मात्र दोन घटक चाचण्यांत ती नापास झाली, वह्या अपूर्ण राहिल्या. शाळेत तिचे गुण वर्गापुढे वाचून दाखवण्यात आले. त्यानंतर तिने शाळेत हात वर करणेच सोडले. पुढे सरकारी रुग्णालयात तपासणी झाली व निदान झाले. तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो असा : 'म्हणजे मी आळशी नाही?' आज ती बारावी होऊन पुढे शिकत आहे. वेळेचे गणित तिला अजूनही अवघडच जाते. पण आपले काय अडते हे तिला ठाऊक आहे आणि मदत मागायला ती आता लाजत नाही.

काही गैरसमज

पहिला गैरसमज असा की, आईवडिलांच्या लाडामुळे किंवा दुर्लक्षामुळे हे होते. प्रत्यक्षात या अवस्थेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून तो ७० ते ८० टक्क्यांच्या घरात असल्याचे दिसते. त्यामुळे मुलाची तपासणी करताना कधीकधी वडिलांना किंवा आईला स्वतःचे बालपण आठवते. घरची शिस्त हे कारण नसते, परंतु घरची वागणूक त्रास कमी किंवा जास्त करू शकते.

दुसरा गैरसमज म्हणजे नजर लागली, बाधा झाली. गंडेदोरे, उतारे, अंगारे यांत पैसा आणि मुलाची मोलाची वर्षे वाया जातात. मेंदूच्या वाढीचा प्रश्न लिंबू-मिरचीने सुटत नाही.

तिसरा गैरसमज म्हणजे मार दिल्याने मूल सुधारते. मार खाल्लेले मूल काही वेळ घाबरून गप्प बसते, पण त्याची विसरण्याची अडचण जशीच्या तशी राहते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई आहे, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे.

चौथा गैरसमज उलट दिशेचा आहे. आईन्स्टाईनला, एडिसनला हेच होते, म्हणून काही करायला नको, असे सांगितले जाते. हयात नसलेल्या माणसाचे असे निदान करता येत नाही, आणि असल्या गोष्टींनी मुलाची वही पूर्ण होत नाही. २००७ सालच्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने पालकांचे डोळे उघडले हे खरे, पण त्यातील मुलाची अडचण डिस्लेक्सिया म्हणजे वाचन-लेखनाची होती. ती एडीएचडीहून वेगळी आहे. मात्र एकाच मुलात दोन्ही असू शकतात, म्हणून तपासणी दोन्हींची करावी.

तपासणी कोठे व कशी?

शेजाऱ्याने सांगितले किंवा मोबाइलवर पाहिले म्हणून निदान ठरवू नये. आधी मुलाचे डोळे व कान तपासावेत. रक्तक्षय, थायरॉईडचा विकार, फिट्सचा सौम्य प्रकार, टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढल्याने रात्री नीट झोप न होणे, यांमुळेही मूल वर्गात हरवल्यासारखे दिसते. घरातील व्यसन, भांडणे व मारहाण यांचाही परिणाम असाच होतो. शिवाय हुशार मूल नुसते कंटाळल्यामुळेही चुळबुळ करते. अशा मुलाला त्याच्या योग्यतेचे काम दिले की चुळबुळ थांबते. एडीएचडी असलेल्या मुलाला आवडीच्या कामातही वस्तू सांभाळणे, क्रम लावणे, वेळ पाळणे जड जाते.

निदान बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा या विषयातील बालरोगतज्ज्ञ करतात. त्यासाठी रक्ताची किंवा मेंदूच्या फोटोची चाचणी नाही. पालक व शिक्षक दोघांकडून माहिती घेऊन, प्रश्नावल्या भरून, मुलाशी बोलून निदान होते. तेव्हा शाळेच्या जुन्या प्रगतिपुस्तकांवरचे शेरे बरोबर न्यावेत, त्यांचा फार उपयोग होतो.

बुद्धिमापन चाचणीही करून घ्यावी. मराठी मुलांसाठी बिने-कामत चाचणी पूर्वीपासून परिचित आहे. वेश्लर पद्धतीच्या चाचण्याही वापरल्या जातात. येथे पालकांनी एक गोष्ट अवश्य विचारावी. या चाचण्यांत अनेक भाग असतात. हुशार एडीएचडी मुलाला शब्दज्ञान व तर्क यांत फार वरचे गुण मिळतात, पण आकडे उलट क्रमाने सांगणे, चिन्हे भराभर उतरवणे अशा भागांत ते पुष्कळदा कमी पडते. सर्वांची सरासरी काढली की 'सर्वसाधारण' असा निकाल येतो. त्यामुळे नुसता एकच बुद्ध्यंक घेऊन घरी येऊ नये. प्रत्येक भागाचे गुण समजावून घ्यावेत. ज्या दोन टोकांतील अंतरामुळे मूल रोज रडते, ते अंतर तेथे कागदावर दिसते.

खर्चाची चिंता असणाऱ्यांनी पुढील गोष्टी लक्षात घ्याव्यात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व सरकारी शाळांतील मुलांची मोफत तपासणी होते. त्यातील ३० बाबींत एडीएचडीचाही समावेश आहे. पुढील तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

औषधाविषयी

औषधाचे नाव काढताच पालक घाबरतात. हे स्वाभाविक आहे. मिथाइलफेनिडेट हे यावरचे सर्वांत अधिक अभ्यासले गेलेले औषध असून ते १९४४ साली प्रथम तयार करण्यात आले. साधी गोळी तासाभराच्या आत काम करू लागते व तिचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. भूक कमी होणे, झोप उशिरा लागणे, नाडी वाढणे असे त्रास होऊ शकतात. म्हणून वजन, उंची व रक्तदाब यांवर डॉक्टर लक्ष ठेवतात. सहा वर्षांखालील मुलांत आधी पालकांना वर्तनविषयक प्रशिक्षण देण्याचा सल्ला दिला जातो. १९९९ साली अमेरिकेत ५७९ मुलांवर केलेल्या मोठ्या अभ्यासात चौदा महिन्यांच्या काळात मुख्य लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेल्या औषधाचा चांगला उपयोग झालेला दिसला. घरचे संबंध, अभ्यास, आत्मविश्वास अशा इतर बाबींत औषधाला वर्तनोपचाराची जोड काहीशी फायद्याची ठरली.

औषध हे चष्म्यासारखे आहे. चष्म्याने स्पष्ट दिसते, पण पुस्तक आपल्यालाच वाचावे लागते. औषध घ्यायचे की नाही, किती व केव्हा, हे डॉक्टरांनी पालकांशी बोलून ठरवायचे असते. ते मनाने सुरू करू नये व मनाने बंदही करू नये. ज्यांना ही अवस्था नाही अशा विद्यार्थ्यांनी परीक्षेत गुण वाढावेत म्हणून असली गोळी घेणे धोक्याचे व गैर आहे.

घरी काय करावे?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले यांनी या विषयावर आयुष्यभर काम केले. त्यांच्या मते या मुलांना काय करावे हे ठाऊक असते, पण त्या क्षणी ते करता येत नाही. म्हणून उपदेशाचा उपयोग कमी. जेथे व जेव्हा काम करायचे, तेथे व तेव्हा आधार द्यावा लागतो. त्या दृष्टीने पुढील गोष्टी दहा बाय दहाच्या खोलीतही करता येतात.

१) एका वेळी एकच सूचना द्यावी. 'हातपाय धू, कपडे बदल, डबा काढ आणि अभ्यासाला बस' यांपैकी शेवटचेच लक्षात राहते. जवळ जाऊन, नावाने हाक मारून सांगावे.

२) लक्षात ठेवायचे ते भिंतीवर असावे. सकाळच्या कामांची यादी दाराजवळ चिकटवावी. दप्तर रात्रीच भरून दाराशी ठेवावे.

३) वेळ डोळ्यांना दिसावी. काट्यांचे घड्याळ समोर ठेवून पंधरा-वीस मिनिटांचा अभ्यास, मग पाच मिनिटे उठून फिरणे, पुन्हा पंधरा मिनिटे, असा क्रम लावावा.

४) शाबासकी ताबडतोब द्यावी. 'पहिला नंबर आला तर सायकल' हे वर्षभर दूरचे बक्षीस निरुपयोगी ठरते. आजचे गणित आज झाले, तर आज एक खूण, आणि पाच खुणा झाल्या की आवडीची छोटी गोष्ट.

५) कोणीतरी शेजारी बसावे. आईने तेथेच भाजी निवडत बसले तरी चालते. शिकवायची गरज नाही, नुसत्या सोबतीने मूल कामाला लागते.

६) पुरेशी झोप आणि रोज घाम येईल असा खेळ यांना अभ्यासाइतकेच महत्त्व द्यावे. मोबाइल रात्री मोठ्यांच्या ताब्यात असावा.

शाळेत काय करता येईल?

आपल्याकडे एका वर्गात साठ मुले असतात. शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत. तरीही बिनखर्चाच्या काही गोष्टी शक्य आहेत. मुलाला पुढच्या बाकावर, खिडकी-दारापासून दूर बसवावे. वह्या वाटणे, फळा पुसणे अशी कामे द्यावीत, म्हणजे हालचालीला वाट मिळते. तोंडी उत्तर येत असेल तर तेच उत्तर दहा वेळा लिहून घेण्याचा आग्रह धरू नये. पाठ्यपुस्तकातील वीस गणितांऐवजी निवडक अवघड पाच सोडवली तर ती पुरेशी मानावीत. घरी व शाळेत दोन-तीनच उद्दिष्टे ठरवून रोज एका कागदावर खूण करावी व तो कागद सायंकाळी पालकांनी पाहावा. या दैनिक नोंदीचा चांगला उपयोग होतो, असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे.

बुद्धीला खाद्य हवेच

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मूल मागे पडू लागले की आपण पहिले काम काय करतो? त्याची चित्रकला बंद करतो, बुद्धिबळाचा क्लास सोडवतो, विज्ञान मंडळातून नाव काढतो. 'आधी वही पूर्ण कर, मग बाकीचे.' वही कधीच पूर्ण होत नाही आणि बाकीचेही कधीच येत नाही. दिवसभरात ज्या एका ठिकाणी ते मूल यशस्वी होते, तेच ठिकाण आपण काढून घेतो. सोपे केलेले आणि पुन्हा पुन्हा घोटलेले काम दिल्याने त्याचे लक्ष आणखी उडते. अशा मुलाला अवघड व मोलाचे काम द्यावे आणि ते पार पाडण्याच्या पायऱ्या मात्र लहान करून द्याव्यात. दोन्ही एकाच वेळी हवे.

अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याला नवव्या वर्षी एडीएचडीचे निदान झाले. त्याची आई स्वतः शिक्षिका. त्याला गणित नकोसे होते तेव्हा तिने शिकवणीत पोहण्याची उदाहरणे घालायला लावली : सेकंदाला तीन मीटर वेगाने पाचशे मीटर पोहायला किती वेळ लागेल? वाचनासाठी वर्तमानपत्राचे क्रीडापान दिले. स्पर्धेत त्याचा तोल सुटू लागला की प्रेक्षकांतून ती हाताने ठरलेली खूण करी. त्याने पुढे २००४ ते २०१६ या काळात २३ सुवर्णांसह २८ ऑलिंपिक पदके मिळवली. सर्व मुले फेल्प्स होत नाहीत. पण आवडीच्या दारातून नावडीच्या खोलीत नेण्याची त्या माउलीची युक्ती आपल्यालाही वापरता येईल.

महाराष्ट्रात बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा विचार जुना आहे. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी १९६२ साली याच हेतूने सुरू झाली. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, एनएमएमएस व शिष्यवृत्ती परीक्षा आहेत. वही अपुरी आहे म्हणून मुलाला या वाटांपासून दूर ठेवू नये.

कायदा व सवलती

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारांचा समावेश आहे. त्यांत 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' आहे, परंतु एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. म्हणून मुलाला एडीएचडीबरोबर लेखन-वाचनाची किंवा गणिताची अक्षमता आहे का, हे तपासून घेणे व असल्यास सक्षम रुग्णालयाचे प्रमाणपत्र घेणे महत्त्वाचे ठरते. त्यावर परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. दहावीच्या वर्षी धावपळ करण्यापेक्षा हे काम आठवीपर्यंत उरकावे व शाळेमार्फत मंडळाचे त्या वर्षीचे नियम विचारून घ्यावेत.

विद्यार्थी मित्रांनो,

हे वाचताना तुमच्यापैकी कोणाला स्वतःची ओळख पटली असेल तर लाजू नका. ही अवस्था अनेकांत मोठेपणीही राहते. सतरा वर्षांनंतर निदानासाठी एका गटातील पाच लक्षणे पुरेशी मानली जातात. खोलीत एकटे बसून अभ्यास होत नसेल तर अभ्यासिकेत जा. 'आज इतिहास करीन' असे ठरवू नका, 'सात वाजता तिसऱ्या धड्याची पहिली चार पाने' असे कागदावर लिहा. मित्राला सांगून ठेवा आणि झाल्यावर त्याला कळवा. आपल्यावर विश्वास उरला नाही, जगणे नकोसे वाटते, असे झाले तर त्याच दिवशी घरी, शिक्षकांना किंवा वर दिलेल्या क्रमांकावर बोला.

आपण काय करू शकतो?

दरवर्षी आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. ते योग्यच आहे. परंतु व्यासपीठावर येणारी मुले गुणपत्रिकेवरून निवडली जातात. ज्यांची बुद्धी गुणपत्रिकेपर्यंत पोहोचत नाही, ती मुले मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन बोलणी खातात. आपल्या पिढीने शिक्षणासाठी किती वाट तुडवली, हे सांगायला नको. अशा समाजाला आपले एकही बुद्धिमान मूल आळशी म्हणून टाकून देणे परवडणारे नाही.

म्हणून तीन सूचना करतो. वर्षातून एकदा पालकांसाठी बालमानसोपचारतज्ज्ञाचे व्याख्यान ठेवावे. जेथे अभ्यासिका आहे, तेथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी अशा मुलांशेजारी नुसते बसावे. आणि गुणगौरवाच्या वेळी एखादे बक्षीस चित्र, यंत्र, बुद्धिबळ, लेखन अशा कामासाठी ठेवावे, ज्यात गुणपत्रिका मागितली जाणार नाही.

आपल्या घरात, शेजारी किंवा वर्गात असे एखादे मूल असेल तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी एकदा तपासणीला न्या. त्याची अडचण कमी करा आणि त्याची आवड राखा. एवढे झाले तरी या लेखाचा हेतू सफल झाला असे समजेन.